शिंपला आणि गोडे पाणी : एका कविसमयाच्या निमित्ताने

भारतीय वाङ्मयात शिंपल्याचा उल्लेख मुख्यतः दोन प्रकारांनी येतो. एक प्रकार तत्त्वज्ञांचा. अद्वैत वेदान्तातील शुक्तिरजताचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे : वाळूवर पडलेली शिंप दुरून चांदीसारखी भासते, जवळ गेल्यावर भ्रम फिटतो. दुसरा प्रकार कवींचा. स्वाती नक्षत्रावर पडलेला पावसाचा थेंब शिंपल्याच्या उघड्या मुखात पडला की त्याचा मोती होतो. हे दोन दृष्टान्त परस्परांपासून कितीही दूर असले तरी त्यांच्यात एक साम्य आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. पहिल्यात शिंपला म्हणजे केवळ एक चमकणारा पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात केवळ एक पात्र. शिंपल्याच्या आत राहणारा प्राणी दोन्हींत नाही.

स्वातीची कल्पना केवळ भारतीय आहे असेही नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात मोत्याची उत्पत्ती दवबिंदूपासून सांगितली आहे. तेव्हा आकाशातून पडणारे गोडे पाणी आणि समुद्रातील मोती यांचे नाते जोडण्याची प्रवृत्ती व्यापक होती. मात्र ती सर्वत्र नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांची चर्चा आहे. तेथे मोत्यांची नावे ताम्रपर्णी, पाण्ड्यकवाट अशा स्थळांवरून दिली आहेत आणि त्यांची योनी म्हणून शंख, शुक्ती व इतर प्रकीर्ण पदार्थ सांगितले आहेत. पावसाचा तेथे पत्ता नाही. ज्याला मोती मोजून कोठारात ठेवायचा आहे त्याला स्वातीची गरज पडत नाही, असे म्हणावे लागते.

राजशेखराने काव्यमीमांसेत कविसमयाचे जे लक्षण केले आहे त्यानुसार शास्त्रात न सांगितलेला, लोकव्यवहारात न आढळणारा, पण परंपरेने चालत आलेला अर्थ कवी जेव्हा निबद्ध करतात तेव्हा तो कविसमय ठरतो. मोती ताम्रपर्णीतच होतात हा नियमही त्याने कविसमयांतच घातला आहे. म्हणजे आपल्या परंपरेतील जाणत्या समीक्षकाला या कल्पनांचे अशास्त्रीयत्व ठाऊक होते आणि त्याबद्दल त्याला संकोच नव्हता. आधुनिक काळात मात्र ही सहजता हरवली. एका बाजूला स्वातीच्या थेंबात प्राचीनांचे जीवशास्त्र शोधणारे लेखन होते, तर दुसऱ्या बाजूला या कल्पनेची बाळबोध म्हणून बोळवण करणारे. दोहोंपैकी कोणीही एक साधा प्रश्न विचारीत नाही : शिंपल्यात गोडे पाणी खरोखरच शिरले तर काय होते?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकातील जीवरसायनशास्त्राने बऱ्याच तपशिलाने दिले आहे. ते उत्तर अमिनो आम्लांच्या चयापचयाच्या भाषेत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती भाषा अनोळखी वाटेल म्हणून प्रथम या संज्ञेचाच विचार करणे उचित होईल.

‘चयापचय’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील दोन पदे कानाला वेगळी जाणवत नाहीत. चय म्हणजे साठवण, रचना. अपचय म्हणजे मोडणे, घट. सजीवाच्या शरीरात पदार्थ जोडले जाण्याच्या आणि मोडले जाण्याच्या ज्या क्रिया अखंड चालतात त्यांचे हे नाव. युरोपीय भाषांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘बदल’ असा आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्वान याने १८३९ साली त्यावरून विशेषण घडविले, पण जर्मनमध्ये रूढ झालेल्या शब्दाचा अर्थ ‘द्रव्यांची अदलाबदल’ असा आहे. भारतीय भाषांनी येथे निरनिराळ्या वाटा धरल्या. गुजराती आणि कन्नड मराठीबरोबर आहेत. हिंदीत उपापचय आणि चयापचय दोन्ही चालतात. तमिळमधील ‘वळर्सिदैमाट्रम्’ या शब्दात वाढणे, झिजणे आणि बदलणे या तिन्ही क्रिया एकत्र येतात. तेलुगूने ‘जीवक्रिया’ असा सैल पण सुबोध शब्द पत्करला. बंगालीने ‘विपाक’ घेतला आणि त्याबरोबर आयुर्वेदातील पचनोत्तर रस आणि कर्मसिद्धान्तातील फलप्राप्ती असे दोन जुने संस्कारही घेतले. या सर्वांत मराठी-गुजराती शब्द एका बाबतीत उजवा आहे : जमा आणि खर्च तो एकाच श्वासात सांगतो. शिंपल्याच्या बाबतीत नेमके तेच महत्त्वाचे आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाच्या रक्तातील एकूण विद्राव्यांची संहती समुद्राच्या मानाने एक-तृतीयांशही नसते. मासे आपल्या रक्ताचा खारेपणा समुद्राहून निराळा राखतात आणि त्यासाठी मूत्रपिंडे व कल्ले यांना सतत राबवितात. दोन शिंपांचे मृदुकाय प्राणी, म्हणजे कालवे, तिसऱ्या, शिनाणे, मोत्यांचे शिंपले, हा खटाटोप करीत नाहीत. बाहेर जितके खारट तितकेच आतही, असा त्यांचा व्यवहार असतो. परंतु येथे एक अडचण आहे. पेशीच्या आतील एन्झाइमांना समुद्राइतके मीठ सोसत नाही. सोडियम आणि क्लोराइड पेशीत फार झाले की प्रथिनांची घडण बिघडते. मग बाहेरच्या खारेपणाशी तोल कसा साधायचा? कारण तो न साधला तर परासरणाच्या नियमाने पेशीतील पाणी बाहेर खेचले जाईल. जुन्या परिभाषेत या क्रियेला ‘तर्षण’ म्हणत, आणि त्या शब्दातील तहानेचा अर्थ येथे अगदी चपखल आहे.

शिंपल्याने काढलेला मार्ग असा : पेशीतील तोलाचा मोठा वाटा मिठाने न भरता सुट्या अमिनो आम्लांनी भरायचा. अमिनो आम्ले ही प्रथिनांच्या घडणीतील सुटे मणी होत. बहुतेक प्राण्यांत ती मुख्यतः प्रथिनांत ओवलेली असतात आणि सुटी फार थोडी आढळतात. समुद्री शिंपल्यात मात्र ग्लायसिन, अॅलनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल आणि विशेषतः टॉरिन ही विपुल प्रमाणात मोकळी फिरत असतात. मीठ जेथे बाधते तेथे ही द्रव्ये बाधत नाहीत. या साठ्याला इंग्रजीत ‘तळे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. मराठीत त्याला ‘गंगाजळी’ म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण हा साठा अडीअडचणीला उपयोगी पडणारी शिल्लक आहे. या शब्दाचा मूळ अर्थ गोड्या पाण्याचे भांडे असा असल्याने त्यात थोडा विनोद आहे खरा. कारण शिंपल्याची ही गंगाजळी खर्ची पडते ती गोडे पाणी आल्यावरच.

या द्रव्यांची नावेही पाहण्यासारखी आहेत. टॉरिन प्रथम १८२७ साली बैलाच्या पित्तात सापडले म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून नाव मिळाले. त्याच्या समुद्रातील विपुलतेचा त्या नावात मागमूस नाही. ग्लायसिन १८२० साली सरसापासून मिळविले गेले. ते चवीला गोड लागले म्हणून ग्रीक ‘गोड’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. अॅलनिनही गोडसर असते. ग्लुटामिक आम्लाच्या क्षाराला जी विशिष्ट मांसल चव असते तिचा उलगडा इकेदा या जपानी रसायनज्ञाने १९०८ साली केला. कोकणात वा गोव्यात ताज्या शिंपल्यांच्या कालवणाला जी अंगची गोडी असते ती बहुतांशी याच द्रव्यांची. म्हणजे समुद्राच्या खारेपणाला तोंड देण्यासाठी प्राण्याने जमविलेली शिल्लकच खाणाऱ्याच्या जिभेला गोड लागते.

आता पाऊस. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात समुद्राइतकी खारट असणारी खाडी जुलै-ऑगस्टमध्ये काही ठिकाणी जवळजवळ गोडी होते. माशाला तेथून निघून जाता येते. खडकाला चिकटलेल्या कालवाला येत नाही.

त्याची पहिली प्रतिक्रिया म्हणजे शिंपा मिटून घेणे. कवींच्या शिंपल्याच्या हे नेमके उलट आहे. पाऊस आला म्हणजे प्रत्यक्षातील शिंपला तोंड उघडत नाही, मिटतो. मिटल्यावर आत बाहेरचे पाणी येत नाही, तसाच प्राणवायूही येत नाही. अशा कोंडलेल्या अवस्थेतही हा प्राणी तासच्या तास, कित्येकदा दिवसच्या दिवस, तग धरतो आणि त्याही वेळी अमिनो आम्लेच कामी येतात. साठविलेले शर्कराद्रव्य आणि अॅस्पार्टिक आम्ल यांचे प्राणवायूविना विघटन होते. शेवटी सक्सिनिक आम्ल व अॅलनिन शिल्लक राहतात. आपल्या स्नायूंत अशा वेळी लॅक्टिक आम्ल साठते. अनेक मृदुकाय प्राण्यांत त्याऐवजी शर्करेपासून झालेले पायरुविक आम्ल एखाद्या अमिनो आम्लाशी जोडून ठेवले जाते. आर्जिनिनाशी जोडले की ऑक्टोपिन होते. १९२७ साली जपानमध्ये ते प्रथम अष्टपादाच्या स्नायूत सापडले म्हणून त्याचे हे नाव. मिटलेला शिंपला म्हणजे निद्रिस्त शिंपला नव्हे. त्याच्या आत हिशेब चालूच असतो, फक्त चलन बदललेले असते.

पण किती दिवस मिटून राहणार? केव्हा तरी उघडावे लागते. उघडल्यावर पातळ झालेले पाणी अंगाशी येते, आणि पेशींत विद्राव्ये अधिक असल्याने पाणी आत शिरू लागते. पेशी फुगतात. आता तोल साधायचा तर आतली गंगाजळी कमी केली पाहिजे. शिंपला तेच करतो : ग्लायसिन, अॅलनिन, प्रोलिन पेशींतून बाहेर सोडली जातात. त्यांतील काहींचा नत्रयुक्त भाग अमोनियाच्या रूपाने समुद्रात जातो, काही जशीच्या तशी वाहून जातात. टॉरिन सहजासहजी मोडता येत नसल्याने तेही अखंडच टाकावे लागते. पेशी मूळ आकारावर येतात, प्राणी वाचतो. किंमत मात्र जबर असते. नत्र हे मिळवायला कठीण असे धन, आणि ते येथे अक्षरशः पाण्यात जाते. पावसाळा संपून खाडी पुन्हा खारी होऊ लागली म्हणजे उलट प्रवास सुरू होतो. काही तासांत अॅलनिन वाढते, कारण ते शर्करेच्या विघटनातून झटपट बनविता येते. ग्लायसिन आणि प्रोलिन त्यामागून येतात. टॉरिनची भरपाई व्हायला आठवडे लागतात. चय आणि अपचय यांची ही आवर्तने खाडीच्या मोसमाशी बांधलेली आहेत.

कोकणातील या प्राण्यांचा अभ्यास, गंमत अशी की, समुद्रापासून दूर असलेल्या औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) वाढला. तेथील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात नागभूषणम आणि माने यांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीच्या काळबादेवी खाडीतील शिंपल्यांवर काम केले. ते शोधनिबंध इंग्रजीत आहेत. मराठीत या विषयाचे वाङ्मय फार विरळ आहे, ही खंत येथे नोंदविणे अवश्य आहे. खाडीकाठच्या बोलीत शिंपल्यांच्या जातींना, त्यांच्या मोसमांना नावे आहेत. ज्ञानाच्या भाषेत तीच खाडी परभाषेतून येते.

गोड्या पाण्याची ही किंमत किती खरी आहे याचा एक मोठा बोलका पुरावा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेला आहे. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या अर्धबंदिस्त, कमी खारट जलाशयात आणि बाहेरच्या खुल्या समुद्रात निळ्या शिनाण्यांची एकच जात राहते. प्रथिनांच्या टोकाकडून अमिनो आम्ले सुटी करणारे एक एन्झाइम त्यांच्यात निरनिराळ्या रूपांत आढळते. त्यांपैकी एक रूप अधिक तडफदार आहे. खुल्या समुद्रात या रूपाच्या जनुकाचे प्रमाण सुमारे ५५ टक्के, तर साउंडच्या आत सुमारे १५ टक्के. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे कारण दाखवून दिले. दरवर्षी समुद्रातून पिल्ले वाहत आत येतात तेव्हा त्यांच्यात ते जनुक भरपूर असते. पण कमी खारट पाण्यात झपाट्याने अमिनो आम्ले सुटी करणारा प्राणी तितक्याच झपाट्याने ती गमावतो, आणि शरदात अशी पिल्ले अधिक मरतात. जो गुण खाऱ्या पाण्यात संपन्नता देतो तोच गोड्याच्या शेजारी दिवाळखोरी आणतो. ‘संसर्गाने गुण’ या सुभाषितकारांच्या सिद्धान्ताला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. पण ते स्वातीच्या थेंबाचे नव्हे.

कवींच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. शिंपला पाण्यातून अदृश्य असे काही ‘पितो’ ही कल्पना निराधार नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेली अमिनो आम्ले अत्यल्प असतात, पण समुद्री प्राणी आपल्या त्वचेतून वा कल्ल्यांतून ती थेट शोषून घेतात. जर्मन संशोधक प्यूटर याने विसाव्या शतकाच्या आरंभी असा तर्क मांडला तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली. १९६१ साली स्टीफन्स आणि शिन्स्के यांनी प्रयोगांनी हे शोषण दाखविल्यावर विषय पुन्हा उघडला. बाहेरच्याहून आत कित्येक हजार, लाख पटींनी अधिक असलेल्या साठ्यात भर घालायची म्हणजे उतारावर वर चढण्यासारखे आहे. ही चढण शिंपला समुद्रातील सोडियमच्या आधारे चढतो : सोडियमच्या आत येण्याच्या ओढीबरोबर अमिनो आम्लही आत ओढले जाते. म्हणजे हे पिणेदेखील मिठाच्या बळावर. पावसाच्या थेंबात ते बळ नाही.

मोत्याविषयी थोडक्यातच सांगता येईल. मोती हा शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराचाच, मुक्तास्तराचाच, गोलाकार अवतार होय. त्यात सुमारे ९५ टक्के चुनखडीचे द्रव्य, आणि उरलेल्या भागात प्रथिने व कायटिन. ही प्रथिने ग्लायसिन, अॅलनिन आणि अॅस्पार्टिक आम्ल यांनी समृद्ध असतात. चुन्याच्या पापुद्र्यांची रचना त्यांच्याच आधाराने होते. ज्या द्रव्यांनी पेशीचा तोल सांभाळला त्यांपैकीच काही येथे रत्नाच्या विटांमधला लेप होतात. शिंपल्याच्या अंगावरील प्रावार नावाच्या पडद्यातील पेशी आत ढकलल्या गेल्या की त्या एखाद्या केंद्राभोवती पिशवी करून हा थर घडवू लागतात. १९७३ साली तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अळगरस्वामी यांनी याच तत्त्वावर भारतात संवर्धित मोती मिळविला, प्रावाराचा एक तुकडा आणि एक गोलाकार केंद्र यांचे रोपण करून. मन्नारच्या आखातातील मोत्यांचे शिंपले तळाच्या खडकाळ पट्ट्यांवर, वर कित्येक मीटर पाणी असताना राहतात. पृष्ठभागावरचा थेंब तेथवर थेंब म्हणून पोचण्याचा प्रश्नच नाही.

मग भर्तृहरीच्या त्या प्रसिद्ध श्लोकाचे काय करावे? तप्त लोखंडावर नष्ट होणारा, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसणारा आणि स्वातीवर सागरातील शिंपल्यात प्रत्यक्ष मोती होणारा तो जलबिंदू. आणि रहीमचा दोहा, ज्यात स्वातीचा एकच थेंब केळीत कापूर, शिंपल्यात मोती आणि सर्पमुखात विष होतो. दोन्हीकडे भर पात्रावर आहे. भेद असा की भर्तृहरी संगतीची उत्तम-मध्यम-अधम अशी उतरंड लावतो, रहीमच्या विषालाही मात्र रूपांतराचा तितकाच अधिकार आहे. ‘एकच द्रव्य, भिन्न देहांत भिन्न परिणाम’ हा रहीमचा विचार चयापचयाच्या विचाराला भर्तृहरीच्या श्लोकाहून पुष्कळ जवळचा आहे. म्हणून तो अधिक ‘वैज्ञानिक’ ठरत नाही. परंतु केवळ ‘सत्संगतीचा महिमा’ असे शीर्षक देऊन दोन्ही रचना एकाच खणात टाकण्याची पाठ्यपुस्तकी रीत किती ढोबळ आहे, हे त्यावरून दिसते. दोघांच्याही पात्राला काही करावे लागत नाही. ते केवळ योग्य असावे लागते. जन्मसिद्ध पात्रतेची ही कल्पना कोणत्या समाजात सहज वाटते, याचा शोध वाङ्मयेतिहासाने घ्यावयास हवा.

या कविसमयाचे मूळ कोठे असावे यासंबंधी एक अनुमान करता येते. सूर्य स्वाती नक्षत्रात आज २३-२४ ऑक्टोबरच्या सुमारास प्रवेश करतो. अयनचलनामुळे पहिल्या सहस्रकाच्या मध्यास हा काळ सुमारे तीन आठवडे आधी पडत असे. दोन्ही हिशेबांनी उत्तर भारतात आणि दख्खनच्या पठारावर ही परतणाऱ्या पावसाची वेळ आहे. तेथे स्वातीचा थेंब दुर्मीळ, म्हणून मोलाचा. स्वाती पडल्यास मोती पिकतील अशा अर्थाची मराठी शेतकऱ्याची म्हणही रब्बीच्या पिकाविषयी आहे, समुद्राविषयी नाही. पण जेथे मोती खरोखर निघत त्या तमिळ किनाऱ्यावर मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेथे स्वातीचा पाऊस शेवटचा नसून जवळजवळ पहिला असतो आणि त्याच्या दुर्मीळतेचा प्रश्न उद्भवत नाही. स्वातीच्या थेंबाची वाट पाहणारा शिंपला, यावरून, समुद्रकाठच्या माणसाने कल्पिलेला दिसत नाही. मोती बाजारातून ज्याच्या हाती येतो आणि पाऊस ज्याच्या शेतावरून निघून चाललेला असतो अशा अंतर्देशीय कवीची ती निर्मिती असावी. कालिदासाच्या रघूला पाण्ड्यांनी ताम्रपर्णी आणि सागर यांच्या संगमावरचे मोती नजर केले, तेही दक्षिणेतून उत्तरेकडे नेण्यासाठीच.